मदत हवी आहे : यूएक्स उर्सी मेजोरिस या जोडताऱ्याच्या ग्रहणाचा मध्य नेमका कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा. आठ इंची न्यूटोनियन दुर्बीण, ट्रॅकिंग माउंट आणि मोनो कॅमेरा एवढी सामग्री आहे. मनातून ओढ आहे ती डीक्यू हर्क्युलिसची. १९३४ साली भडकलेला हा नवतारा आता १४.५ प्रतीच्या (आकडा मोठा तितका तारा मंद) आसपास असतो. १९५४ मध्ये मर्ल वॉकर यांना त्यात दर ४ तास ३९ मिनिटांनी ग्रहण, म्हणजे जोडीतल्या एकाने दुसऱ्याला झाकणं, सापडलं आणि नवतारे म्हणजे जोड्या असाव्यात, या विचाराला तिथून बळ मिळालं.

पण शहराच्या उजेडात तो जड जाईल, म्हणून आधी यूएक्स उर्सी मेजोरिस घेतलाय. साधारण १३ प्रतीचा, सप्तर्षीतल्या मरीचीपासून जवळच, एप्रिलात मध्यरात्री चांगला उंच. आवर्तन ४ तास ४३ मिनिटं. अशी पाच आवर्तनं २३ तास ३६ मिनिटांत होतात, म्हणजे आजचं ग्रहण उद्या २४ मिनिटं आधी लागतं. नोकरदार माणसाला याहून सोयीचा तारा कुठला!

अडचण अशी : तेजाच्या आलेखात उतार सरळ येतो, चढ मात्र रेंगाळतो. मग मध्य कुठे धरू? शिवाय ग्रहणाबाहेरही तेज सारखं खालीवर होतं. हा ताऱ्याचा गुण की माझ्या कॅमेऱ्याचा? एक्स्पोजर ६० सेकंद, फिल्टर नाही.

उत्तर (बडोद्याहून) :

चढ रेंगाळतो तो खराच आहे, काळजी नसावी. सोबतच्या लाल ताऱ्याकडून येणारी वायूची धार श्वेतबटूभोवतीच्या (जोडीतल्या लहान, घट्ट ताऱ्याभोवतीच्या) वायूच्या तबकडीवर आदळते, तिथे तप्त ठिपका होतो. तो उशिरा झाकला जातो आणि सुटतोही उशिरा. म्हणून दोन्ही बाजू सारख्या मानून मध्य काढू नका. फक्त तळाच्या भागावर वक्र बसवा.

तेजाच्या हेलकाव्यांसाठी त्याच फ्रेममधला तितक्याच प्रतीचा एखादा स्थिर तारा मोजा. तो शांत आणि यूएक्स अस्वस्थ, तर हेलकावे ताऱ्याचेच. या जोड्यांत ते नेहमीचे आहेत. एक्स्पोजर ३० सेकंदांवर आणून बघा.

आणि वेळ सूर्यकेंद्री, म्हणजे सूर्यावरून पाहिल्यासारखी, करून घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. पृथ्वी सूर्याच्या कुठल्या बाजूला आहे त्यानुसार या ताऱ्याच्या वेळेत चार मिनिटांहून अधिक फरक पडू शकतो.

मूळ प्रश्नकर्ता :

मनापासून आभार! स्थिर तारा आज रात्रीच मोजतो. डीक्यू हर्क्युलिससाठी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, महूच्या पुढे जानापावकडे जायचा विचार आहे. आठ इंचीवर त्याचं ग्रहण कुणी टिपलंय का? एक्स्पोजर किती ठेवलं होतं?