हॅमिल्टन की हेमन?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिटसंडेज बेटांवर आठवडाभर यॉट घ्यायचीच आहे, तर रिसॉर्ट हॅमिल्टनवर की हेमनवर, हा प्रश्नच मला उलटा वाटतो. आधी बोट ठरवा, मग खोली! हॅमिल्टनला विमानतळ आणि मरीना एकाच बेटावर. सिडनी-मेलबर्नहून थेट उतरायचं, बॅगा बोटीत टाकायच्या. गोल्फ बग्ग्यांची वर्दळ मात्र सोसावी लागते. हेमन शांत, देखणं. पण तिथे जायला हॅमिल्टनहून पुन्हा तासाभराची लाँच. मी असतो तर ४-५ दिवस बोटीवर काढून शेवटच्या २ रात्री हेमनला गेलो असतो. खाऱ्या पाण्यात भिजून आल्यावरच त्या गाद्यांचे पैसे वसूल होतात.

स्वतः बोट चालवायला तिथे परवाना लागत नाही, आधी नीट शिकवून देतात. पण अंधार पडायच्या आत नांगर टाकावाच लागतो. भरती-ओहोटीत ३-४ मीटरचा फरक पडतो, त्यामुळे हिल इनलेट या खाडीची पांढरी वाळू बघायची तर ओहोटी गाठा. नोव्हेंबर ते मे जेलीफिशचा मोसम. अंगभर सूट घालूनच पाण्यात उतरा, फोटो कसेही येवोत. आणि ऑगस्टमध्ये हॅमिल्टनला रेस वीक, म्हणजे यॉटच्या शर्यतींचा आठवडा असतो, तेवढे दिवस टाळाच.