राजदूत की उच्चायुक्त? आणि आपली जुनी ‘वकिलात’

प्रश्न

पाकिस्तानात भारताचे प्रतिनिधी म्हणून गेलेल्यांची यादी मराठीत लावतो आहे. १९४७ साली कराचीला गेलेले श्रीप्रकाश ‘उच्चायुक्त’, १९७६ चे के. शंकर बाजपेयी ‘राजदूत’, १९८९ चे ज्योतिंद्रनाथ दीक्षित परत ‘उच्चायुक्त’. डोळ्यांना खटकतं. सगळीकडे ‘राजदूत’ केलं तर चालेल ना? अर्थ तर एकच आहे.

प्रतिसाद

कृपा करून असं करू नका. दर्जा एकच आहे, पण शब्द एक नाही, आणि तुमच्या यादीतला सगळा इतिहास नेमका या फरकात आहे.

ऑगस्ट १९४७ मध्ये भारत आणि पाकिस्तान ही दोन स्वतंत्र राज्यं झाली खरी, पण कागदोपत्री दोघांचा राजा एकच होता, ब्रिटनचा सहावा जॉर्ज. राजदूत जातो तो एका राष्ट्रप्रमुखाचं अधिकारपत्र दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाच्या हाती द्यायला. आता राजाने स्वतःचंच पत्र स्वतःलाच कसं द्यायचं? म्हणून राष्ट्रकुलातल्या (कॉमनवेल्थ, म्हणजे बहुतांशी पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांची संघटना) देशांनी एकमेकांकडे राजदूत न पाठवता उच्चायुक्त पाठवले. म्हणजे राजा एकच असल्यामुळे ‘राज’दूत म्हणता येईना! १९५० मध्ये आपण प्रजासत्ताक झालो, राजा गेला, पण राष्ट्रकुलात राहिलो, त्यामुळे पदनाम टिकलं.

(श्रीप्रकाश हे नाव आपल्याला परकं नाही. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा राज्यपाल तेच होते.)

१९७१ च्या युद्धात दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले. जानेवारी १९७२ मध्ये बांगलादेशच्या मान्यतेच्या प्रश्नावरून पाकिस्तान राष्ट्रकुलातूनच बाहेर पडला. १९७६ मध्ये संबंध पुन्हा जुळले, तेव्हा इस्लामाबादला गेलेले बाजपेयी साहजिकच राजदूत ठरले. त्यांच्यानंतरचे नटवरसिंहही राजदूतच. १९८९ मध्ये पाकिस्तान राष्ट्रकुलात परतला आणि जुनं पदनामही परत आलं. तुम्ही एकच शब्द केलात तर ही सतरा वर्षं यादीतून पुसली जातील.

प्रश्न

जिथे इंग्रजांचं राज्य होतं तिथे उच्चायुक्त, बाकी ठिकाणी राजदूत, असा सोपा नियम ऐकला होता. मग तो चुकीचा?

प्रतिसाद

चुकीचाच. म्यानमारवर इंग्रजांचं राज्य होतं, पण स्वतंत्र झाल्यावर तो देश राष्ट्रकुलात आला नाही. तिथे आपला राजदूत असतो. मोझांबिक पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, तरी तिथे उच्चायुक्त, कारण तो १९९५ मध्ये राष्ट्रकुलाचा सदस्य झाला. मालदीव २०१६ मध्ये बाहेर पडला, २०२० मध्ये परत आला, आणि माले इथल्या आपल्या प्रतिनिधीचं पदनाम दोन्ही वेळा बदललं. सदस्यत्व बघायचं, इतिहासातली सत्ता नव्हे.

१९९९ च्या लष्करी उठावानंतर राष्ट्रकुलाने पाकिस्तानला निलंबित केलं होतं. पण निलंबन म्हणजे सदस्यत्व जाणं नव्हे, त्यामुळे तेव्हा उच्चायुक्तच राहिले. तिथे चुकून ‘राजदूत’ लिहू नका.

प्रश्न

आणि कचेरीला काय म्हणायचं? वर्तमानपत्रात वकिलात, दूतावास, उच्चायुक्तालय, सगळंच दिसतं.

प्रतिसाद

‘वकिलात’ हा शब्द मला फार जवळचा वाटतो. आज वकील म्हटलं की काळा कोट आठवतो, पण मराठीत हा शब्द कोर्टाच्या आधी दरबारात वावरला. मूळ अरबी अर्थ, ज्याच्यावर काम सोपवलं तो. अफझलखानाच्या वेळी महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले ते वकील म्हणून, खानाकडून आलेले कृष्णाजी भास्करही वकीलच. दिल्ली दरबारात पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. ते तिथून बातम्या लिहून पाठवत, वाटाघाटी करत, पैशांचे तगादे सांभाळत. आजचा राजदूत याहून वेगळं काय करतो? जुन्या कागदांत याच अर्थाचा ‘हेजीब’ही भेटतो, पण तो शब्द आता वापरातून गेला.

दूताचे प्रकार तर कौटिल्यानेच सांगून ठेवलेत: पूर्ण अधिकार असलेला निसृष्टार्थ, ठरावीक कामापुरता परिमितार्थ, आणि फक्त पत्र पोचवणारा शासनहर. दरबारी वकील कधी पहिल्यात बसे, कधी तिसऱ्यात. धन्याने किती मोकळीक दिली त्यावर ते ठरे.

अडचण एवढीच की मुंबईतली परदेशी वाणिज्य कचेरी आणि दिल्लीतला दूतावास, दोन्हींना आपण सर्रास वकिलात म्हणतो. बोलताना खुशाल म्हणा. यादीत मात्र इस्लामाबादला १९७६ ते १९८९ ‘दूतावास’ आणि १९८९ नंतर ‘उच्चायुक्तालय’ लिहा. तेव्हा कराचीतली कचेरी हा फक्त वाणिज्य दूतावास होता. १९७८ मध्ये तिथे गेलेले मणिशंकर अय्यर महावाणिज्यदूत होते, राजदूत नव्हेत, म्हणून मुख्य यादीत त्यांचं नाव नको.

प्रश्न

शेवटची ओळ अडली आहे. २०१९ नंतर काय लिहू?

प्रतिसाद

त्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानने संबंधांची पातळी खाली आणली आणि भारताच्या उच्चायुक्तांना माघारी पाठवलं. त्यानंतर तिथल्या कचेरीचा कारभार ज्यांच्याकडे आला, त्यांच्यापुढे ‘प्रभारी’ लिहा. नुसतं ‘उच्चायुक्त’ नको. प्रभारी हा परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवलेला असतो, त्याच्याजवळ राष्ट्रपतींचं अधिकारपत्र नसतं. उच्चायुक्तांच्या रकान्यात तिथे आडवी रेघ ओढा आणि प्रभारींची नावं खाली वेगळी द्या.