आठ महिन्यांचं लेकरू पाणी पीत नाही : धरून पाजावं की वाटी हातात द्यावी?

दर्यापूरची सून

माझी मुलगी आठ महिन्यांची. उष्टावण होऊन दोन महिने झाले. मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, उकडलेला बटाटा, सगळं खाते. पाण्याला मात्र तोंड लावत नाही. त्यावरून घरात रोज वाद. सासूबाई तिला पायांवर आडवं घेतात, नाक चिमटीत धरतात आणि श्वासासाठी तोंड उघडलं की पळीने पाणी सोडतात. परवा असा ठसका लागला की चेहरा लालबुंद झाला आणि मिनिटभर तिला रडूही फुटेना. तेव्हापासून मी हे बंद केलं.

मी आता जेवताना तिच्यापुढे छोटी स्टीलची वाटी ठेवते, तळाशी बोटभर पाणी. आधी ती वाटीचा काठ हिरड्यांनी चावते, मग वाटी फरशीवर आपटते, उरलेलं पाणी हनुवटीवरून गळ्यात जातं. एखादा थेंब जिभेला लागलाच तर तोंड वेडंवाकडं करून माझ्याकडे बघते. आठवडा झाला, धड एक घोट पोटात गेलेला नाही. तरी माझं मत पक्कं आहे, जबरदस्ती नको. तहान लागली की पिईल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी का ते सांगावं.

अकोल्याची आजी

नाक दाबणं चूक हाय, ते मी मानतो. पण "तहान लागली की पिईल" हे मले पटत नाई. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जाते. टिनाच्या खाली लेकरू झोपलेलं, पंखा गरम हवा फेकून राहिला, त्यात लाइन गेली की मोठ्या माणसाच्या जिभेले कोरड पडते. त्या जिवाले सांगता येते का, मले पाणी दे म्हणून? मी माझी लेकरं अन् नातवंडं बोंडल्यानंच पाजून वाढवली. औषध पाजताना त्याचं मन पाहतो का आपण? मग पाण्यालेच काहून? आमी तर उन्हाळ्यात तिसऱ्या महिन्यापासूनच चमचा चमचा पाणी देत होतो.

आशा सेविका, यवतमाळ जिल्हा

आजी, तिसऱ्या महिन्यापासून पाणी, एवढं मात्र कोणी करू नका. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, भर उन्हाळ्यातही. आईच्या दुधात १०० भागांपैकी जवळजवळ ८८ भाग पाणीच असतं. ऊन वाढलं की बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यायचं आणि पाणी आईने प्यायचं. एवढ्याशा पोटात पाणी भरलं की बाळ दूध कमी ओढतं, वजन अडतं, आणि पाणी खराब असेल तर हगवण. पाणी फारच जास्त गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन झटकेसुद्धा येतात.

सहा महिन्यांनंतर पाणी द्यायचंच, पण किती? दिवसभरात सगळं मिळून १२० ते २४० मिली, म्हणजे साधारण अर्धा ते एक कप. तेही जेवणाबरोबर घोट घोट. बाळ अंगावर पीत असेल तर अर्ध्या कपाच्याही खाली चालतं, कारण बाकीचं दुधातून जातं. दर्यापूरच्या ताई, तुम्ही घाबरू नका. दिवसातून सहा वेळा लघवी होते का आणि तिचा रंग फिका आहे का, एवढं बघा. आडवं धरून पाजणं मात्र खरंच धोक्याचं, पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

निंदणीले जाणारी

तुमचं सगळं बरोबर असेल, पण जी बाई घरी आहे तिच्यासाठी. मी सकाळी आठला वावरात जाते, दुपारी तीनला परत. मुलगा नऊ महिन्यांचा, सासूजवळ. मधले सात तास अंगावरचं दूध नाही. त्याने वाटी आपटली आणि पाणी सांडलं तर मी येईपर्यंत तो कोरडाच ना? माझी सासू त्याला मांडीवर बसवून चमच्याने पाजते. तो मान फिरवतो, ती पुन्हा पाजते. याला तुम्ही जबरदस्ती म्हणाल. मी म्हणते, त्यामुळे मला वावरात जीव मुठीत धरून काम करावं लागत नाही. "बाळाच्या मनाप्रमाणे" हे म्हणायला आई जवळ असावी लागते.

दर्यापूरची सून

ताई, हा विचार मी केला नव्हता. मी दिवसभर घरी असते, दर दोन तासांनी पाजते, म्हणून मला थांबणं परवडतं. दूध काढून ठेवता येईल का?

आशा सेविका, यवतमाळ जिल्हा

फ्रिज नसेल तर या उन्हात नाही. काढलेलं दूध २५ अंशांच्या आसपास चार तास टिकतं, इथे तर घरातच त्याहून कितीतरी जास्त असतं. त्यापेक्षा निघताना आणि आल्या आल्या पोटभर पाजा. मधल्या वेळी सासूबाईंनी पातळ वरण-भात, सैल खिचडी, बिया काढून कुस्करलेलं टरबूज द्यावं. खाण्यातूनही पाणी जातं. बसवून चमचा ओठाला लावणं ठीक आहे. मान फिरवली की थांबा, पाच मिनिटांनी पुन्हा विचारा. बाटली नको, धुताना कोपऱ्यात दूध राहतं आणि तीच आजाराला कारण होते.

मूर्तिजापूरचा बाप

मला वेगळंच विचारायचं आहे. दर्यापूरच्या ताई, पाणी कोणतं देता? बोअरचं? आपण खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या कितीतरी गावांत जमिनीतलं पाणीच खारं. आपल्या जिभेला सवय झाली, लेकराला आईच्या दुधाची गोडी माहीत. माझ्या मुलाने घरी महिनाभर पाण्याचा थेंब घेतला नाही. परतवाड्याला त्याच्या मामाकडे नेलं, तिथे माझ्या पेल्यातलं पाणी त्याने ओढून ओढून प्यायलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमची मुलगी तोंड वेडंवाकडं करते म्हणता, ती चव सांगत असेल.

उकळून खारेपणा जात नाही हेही लक्षात घ्या. वाफ होते पाण्याची, मीठ खालीच राहतं. आम्ही नळयोजनेचं गोडं पाणी भरून ठेवतो आणि त्यातलं त्याच्यापुरतं उकळतो. जारचं आणलं तरी उकळूनच देतो, जार कुठे भरला कोण पाहतं.

अकोल्याची आजी

हेच पाणी पिऊन आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या. लेकरू घेत नसेल तर चिमूटभर साखर टाका, घेते.

आशा सेविका, यवतमाळ जिल्हा

नको आजी. एकदा गोड लागलं की साधं पाणी नकोच म्हणेल, आणि खाणंही मागे पडतं. मधही वर्षाच्या आत देऊ नका. ओआरएस रोजच्या पाण्यासारखं देऊ नका, ते हगवण-उलटीसाठी. पूर्ण पुडी, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात (मोठी पुडी एक लिटरला), अर्धी पुडी अंदाजाने नाही.

दर्यापूरची सून

आमचं बोअरचंच आहे. माझ्या हे मनातही आलं नव्हतं, मी तिलाच हट्टी समजत होते. काल जावेकडून नळाचं गोडं पाणी आणलं, उकळून गार केलं. वाटी तिने नेहमीप्रमाणे चावली, पण या वेळी तोंड फिरवलं नाही. दोन घोट गेले, गळ्याची हालचाल दिसली मला. सासूबाईंनी ते पाहिलं. आता त्या तिला बसवून चमचा ओठाशी धरतात. नाकाला हात लावत नाहीत.

निंदणीले जाणारी

चांगलं झालं. माझं मत मात्र बदललं नाही. सासूला सांगितलंय, वाटीही दे, टरबूजही दे, पण दुपारपर्यंत लंगोट कोरडा राहिला तर त्याच्या मान फिरवण्याकडे पाहू नको, बसवून पाज.

आशा सेविका, यवतमाळ जिल्हा

लंगोट सहा तास कोरडा, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, यातलं काही दिसलं तर घरी पाजत बसू नका. घोट घोट देत देत थेट दवाखान्यात आणा. सासूबाईंकडे माझा नंबर लिहून ठेवा, तुम्ही वावरात असलात तरी त्या मला बोलावू शकतील.