मवाळ म्हणजे मिळमिळीत?

'मवाळांनी, म्हणजे काँग्रेसमधल्या सनदशीर मार्गाने चालणाऱ्या नेत्यांनी, अर्ज-विनंत्यांपलीकडे केलं काय?' असा सवाल केला जातो, तो मला पटत नाही. मवाळ नेते गोपाळ कृष्ण गोखल्यांचंच घ्या. १९०२ साली अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. तिजोरीत शिल्लक पडत असताना गरिबाच्या मिठावर एवढा कर कशाला, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनिशी विचारलं. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०७ पर्यंत एक रुपयावर. सगळं श्रेय एकट्या गोखल्यांचं नाही, आणि जहालांचा, म्हणजे टिळकांसारख्या आक्रमक नेत्यांचा, रेटा नसता तर सरकारने मवाळांना कितपत विचारलं असतं, ही शंका रास्तच आहे.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते गोखल्यांनी मांडलेलं १९११ चं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक. एकदम देशभर सक्ती नाही. पटावर पुरेशी मुलं असतील तिथेच स्थानिक संस्थांनी ती लागू करायची, तीही आधी सहा ते दहा वर्षांच्या मुलांना. (मुलींना नंतर, हे आज खटकतंच.) एवढं बेताचं असूनही १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. गोखले १९१५ ला गेले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा करून घेतला, तो याच वाटेने.