मेंदूच्या जीनोमवर काम करायचंय? मग पोस्टडॉक भारतातच का करू नये?

चार्ल्सकाठ:
पीएचडी संपत आलेली मुलं हल्ली एकच प्रश्न विचारतात, बॉस्टनला कुठल्या लॅबला लिहू? मी बॉस्टनमध्येच अल्झायमरच्या जीनोम डेटावर, म्हणजे माणसांच्या डीएनएच्या माहितीवर, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं काही वर्षांचं संशोधन) करतोय. माझं मत सरळ आहे. तुमचं काम मुख्यतः संगणकावर चालत असेल, तर आधी बंगळुरू, दिल्ली, हैदराबाद, कल्याणी, पुणे बघा. बॉस्टन त्यानंतर.

कारण डेटा. २०२२ साली अल्झायमरवर एक मोठा अभ्यास आला. रुग्ण एक लाख अकरा हजारांवर (आईवडिलांच्या आजारावरून धरलेलेही त्यात आले) आणि जीनोममधल्या रोगाशी जोडलेल्या ७५ जागा सापडल्या. काम उत्तमच आहे, पण ही सगळी माणसं युरोपीय वंशाची. त्यावरून काढलेला जोखमीचा आकडा सांगलीच्या आजीला लावला तर तो भरवशाचा राहत नाही. रोजच्या कामात हे फार साध्या जागी दिसतं. डीएनए तपासणारी चिप ठराविक जागाच मोजते. न मोजलेल्या जागा युरोपीय संदर्भ-पॅनेलवरून (तुलनेसाठीच्या जीनोमसंचावरून) अंदाजाने भरायला बसलं, की भारतीय नमुन्यांतले दुर्मीळ व्हेरिएंट (डीएनएतले फरक) नीट भरलेच जात नाहीत. गुणवत्तेची चाळणी लावली की ते फाइलमधून गळतात आणि ते होते याचा पुढे मागमूसही राहत नाही.

आता जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पाचे दहा हजार जीनोम, ८३ लोकसमूहांतले, जानेवारी २०२५ पासून फरिदाबादच्या डेटा केंद्रातून अर्ज करून मिळू शकतात. ते नीट वाचणारी माणसं हवी आहेत. इथे मात्र त्याच युरोपीय डेटावर शंभर लॅब झुंबड करतायत. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लागलं. एका पोस्टडॉकसाठी एवढे पैसे कुठली लॅब मोजणार?

बंगळुरूची_आरए:
चार्ल्सकाठ, कळकळ पोचली. पण हे सल्ले तिकडे बसून द्यायला सोपे असतात.

२०२३ च्या सुधारित दराने रिसर्च असोसिएटला (आरए) महिना ५८,००० रुपयांपासून पुढे आणि घरभाडं. कागदावर वाईट नाही. पण ते महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. प्रकल्पाचा हप्ता अडकला की पगार अडकतो. उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचा निधी कसा खर्च झाला याचा दाखला) कुणाच्या टेबलावर आहे हे शोधत मी स्वतः फिरले आहे. घरमालकाला उपयोगिता प्रमाणपत्र कळत नाही. बापाकडून पैसे मागताना तिशी ओलांडलेल्या माणसाला काय वाटतं, ते मी इथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत माझ्या बायोडेटावरचा पहिला प्रश्न "परदेशातला पोस्टडॉक दिसत नाही?" हाच होता. त्यात जाहिरातींमधली पस्तिशीची वयाची अट. इथे राहून पाच वर्षं चांगलं काम केलेली मुलगी मागे पडते आणि तीन वर्षं बाहेर राहून आलेला पुढे जातो. ही रीत बदला, मग आम्हाला थांबायला सांगा.

मज्जातंतू:
मी सोलापुरात न्यूरोलॉजीची प्रॅक्टिस करतो. पगाराबद्दल आरए म्हणतायत त्यात वाद नाही. तरी मी चार्ल्सकाठ यांच्या बाजूने.

माझ्याकडे तोल जाणारे रुग्ण येतात, कधी एकाच घरातले दोघं भाऊ. जनुक-तपासणीला नमुना पाठवतो. रिपोर्टवर येतं, "अनिश्चित अर्थाचा व्हेरिएंट". म्हणजे रोग यामुळे आहे की नाही, सांगता येत नाही. बऱ्याचदा कारण एवढंच असतं, की तुलनेला आपल्या लोकांचा पुरेसा डेटा नव्हता. हे रिपोर्ट फायलीत पडून राहतात. नवा डेटा आल्यावर ते पुन्हा उघडून बघणारं कुणी नाही.

एससीए१२ हा तोल बिघडवणारा आनुवंशिक आजार घ्या. पीपीपी२आर२बी जनुकात सीएजी या तीन डीएनए-अक्षरांची पुनरावृत्ती प्रमाणाबाहेर वाढते, हात थरथरतात, चाल बिघडते. जगात इतरत्र अगदी दुर्मीळ, पण उत्तर भारतात अनेक कुटुंबांत आहे. नेहमीच्या एक्झोम तपासणीत (जीनोमचा फक्त प्रथिनं बनवणारा भाग वाचणारी) अशी वाढ सहज निसटते, तिच्यासाठी वेगळी तपासणी किंवा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. हा प्रश्न बॉस्टनमध्ये कुणाच्या यादीत वर असणार? शिवाय साठीच्या पुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. त्यांच्या मुलांना द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं.

कोशिका:
डॉक्टर, तुमचं म्हणणं एकाच जनुकामुळे होणाऱ्या आजारांना पूर्ण लागू आहे. अल्झायमर, स्किझोफ्रेनिया यांना नाही. मी या धाग्याच्या विरोधात आहे, आणि कारण पैसा किंवा व्हिसा नव्हे.

रक्तातल्या डीएनएवरून रोगाशी जोडलेली जागा कळते. ती जागा मेंदूच्या कोणत्या पेशीत काय घडवते, हे कळायला मेंदूच लागतो. शिकागोच्या रश विद्यापीठाच्या अभ्यासात वृद्ध माणसं जिवंतपणीच मेंदू दान करायला राजी होतात, दरवर्षी स्मरणशक्तीच्या चाचण्या देतात, आणि मृत्यूनंतर काही तासांत ऊतक उणे ८० अंशांत जातं. म्हणून पेशीच्या एकेका केंद्रकातला आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत हे सांगणारा रेणू) वाचता येतो आणि तो त्या माणसाच्या वीस वर्षांच्या चाचण्यांशी ताडूनही बघता येतो. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स संस्थेची मेंदूपेढी १९९५ पासून आहे आणि तिथल्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. पण आपल्या घरांत माणूस गेला की काही तासांत दहन होतं. त्या तासांत नातेवाइकांशी मेंदूदानाचं बोलायचं कुणी आणि कसं? हा आपल्या श्रद्धेचा आणि दुःखाचा भाग आहे, तो सॉफ्टवेअरने सुटत नाही.

स्किझोफ्रेनियाचा सर्वांत ठळक जनुकीय संकेत सहाव्या गुणसूत्रावर आहे हे आधीच माहीत होतं. तो बराचसा सी४ जनुकाच्या प्रकारांमुळे आहे हे २०१६ मध्ये बॉस्टनमध्ये उलगडलं. जनुकांच्या प्रती मोजणारे, मृत मेंदूंचे नमुने बाळगणारे आणि उंदरांत मेंदूतल्या पेशींमधले जोड कसे छाटले जातात ते बघणारे, हे सगळे तिथे एकत्र आले म्हणून ते जमलं. पोस्टडॉकमध्ये हेच शिकायचं असतं. कोड तर पीएचडीतच शिकून झालेला असतो.

हिंजवडी:
चौघांनाही विचारतो, पोस्टडॉक हवाच कशाला? हीच कौशल्यं औषध कंपन्यांना हवी आहेत. पुण्यात-बंगळुरूत पगार वेळेवर आणि काही पट. मी पीएचडीनंतर थेट आलो, काम आवडतं.

चार्ल्सकाठ:
हिंजवडी, आनंदच आहे. पण तिथे आजार कंपनी ठरवते. एससीए१२ वर पैसा लावणारी कंपनी दिसली तर जरूर सांगा.

कोशिका, सी४ चं उदाहरण मान्य. पण ऊतकांतून निघालेला डेटा आता बराच प्रवास करतो. रशचा डेटा करार करून मिळतो. ब्रिटनच्या यूके बायोबँकेच्या पाच लाख लोकांच्या माहितीवर मंजुरीनंतर पुण्यातूनही काम करता येतं, आणि पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्मसारखा महासंगणक आहे. सांगलीची माणसं मात्र प्रवास करून बॉस्टनच्या डेटात येत नाहीत. कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपुरा तालुक्यात बंगळुरूचं मेंदू संशोधन केंद्र गावकऱ्यांना वर्षानुवर्षं तपासत आहे. असा अभ्यास विदर्भात, कोकणात का नाही? तो उभा करणारा माणूस बाहेरून विमानाने येणार नाही.

कोशिका:
डेटा प्रवास करतो, मान्य. पण कोणता नमुना आठ तासांनी गोठला, नमुन्यांच्या कोणत्या बॅचमध्ये अभिकर्मक (प्रयोगाचं रसायन) बदलला, हे जेवणाच्या टेबलावर कळतं. मेटाडेटाच्या (नमुन्यांबद्दलच्या नोंदींच्या) रकान्यात ते कुणी लिहीत नाही. मी दोन महिने ज्याला रोगाचा संकेत समजून शोधत होते तो बॅचचा फरक निघाला, तोही शेजारच्या टेक्निशियनने सहज सांगितलं म्हणून. दोन-तीन वर्षं जा, हे शिका, मग परत येऊन कोकणात अभ्यास उभा करा. रामलिंगस्वामी फेलोशिप परत येणाऱ्यांसाठीच आहे.

मज्जातंतू:
परत येतो म्हणून गेलेले माझे वर्गमित्र मला माहीत आहेत, कोशिका. त्यांना दोष देत नाही. पण आरए, तुम्ही इथे आहात. माझ्याकडे संमतीपत्रांसह वंशावळी काढून ठेवलेली कुटुंबं आहेत. नैतिक समितीची परवानगी मी घेईन. बघाल का?

बंगळुरूची_आरए:
डॉक्टर, बघेन. फायली पाठवू नका, आधी समितीची परवानगी येऊ द्या आणि कुटुंबांना कळू द्या की त्यांचा डेटा कोण वाचणार आहे.

मात्र बॉस्टनचा अर्जही मी मागे घेणार नाही. माझं कंत्राट मार्चला संपतंय. चार्ल्सकाठ, तुमच्यासारख्यांनी तिथून मुलांना "जा" किंवा "राहा" सांगण्यापेक्षा इथल्या निवड समित्यांवरच्या ओळखीच्या लोकांना लिहावं, की परदेशी पोस्टडॉकची अपेक्षा काढा. तुमचं ते ऐकतील. माझं ऐकत नाहीत.