शहरापासून समुद्रापर्यंतचा सायकलमार्ग नदीकाठाने असावा की सरळ?

विषय: पॅरिसहून सेन नदीच्या काठाने समुद्राकडे जाणारा 'ला सेन आ व्हेलो' हा सायकलमार्ग २०२० साली खुला झाला. त्याची लांबी सुमारे ४३० किलोमीटर आहे. पॅरिस ते सेनच्या मुखावरचे ल आव्र बंदर हे सरळ रेषेतले अंतर मात्र २०० किलोमीटरही भरत नाही. नदी वळते तिथे मार्गही वळतो, त्यामुळे दिवसभर पेडल मारून संध्याकाळी नकाशा उघडला तर समुद्र फारसा जवळ आलेला नसतो. ज्यांच्या हाती दोनच दिवसांची सुट्टी आहे त्यांना हे कसे जमावे? मुख्य मार्ग सरळ आखावा आणि नदीकाठ पर्यायी ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १: मी पूर्णपणे असहमत आहे. सरळ जायचे म्हणजे नदीचे खोरे सोडून खडूच्या पठारावर चढायचे, पुढच्या ओढ्याच्या दरीत उतरायचे आणि पुन्हा चढायचे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना तंबू आणि सामानाच्या पिशव्या लटकत असताना शंभर मीटरचा चढही मांड्यांची परीक्षा पाहतो, आणि सोबत लहान मूल असेल तर तिथेच उतरून सायकल ढकलावी लागते. शिवाय वाटेतल्या रूआँ शहराच्या पुढे फेरीबोटीने नदीपलीकडे जाताना सामान न उतरवता सायकल थेट बोटीवर नेता येते. ती दहा मिनिटांची विश्रांती मला कोणत्याही वाचलेल्या अंतरापेक्षा मोलाची वाटते.

प्रतिसाद २: सुट्टीचा मुद्दा मला पटत नाही, कारण पॅरिस-ल आव्र रेल्वे रूआँवरूनच जाते. या सुट्टीत रूआँपर्यंत जाऊन रेल्वेने परतावे आणि पुढच्या सुट्टीत तिथूनच पुन्हा निघावे.

विषयकर्त्याचे उत्तर: रेल्वेचा पर्याय मला मान्य आहे, मी तो विचारात घेतला नव्हता. चढांचा आक्षेपही खरा आहे. तरीही वाऱ्याचे काय? त्या भागात वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो. ताशी २० किलोमीटरच्या वेगाला तितकाच समोरचा वारा भेटला की हवेचा विरोध चौपट होतो. अशा वाऱ्यात, दमलेल्या पायांनी, मुखाजवळच्या उघड्या प्रदेशात काढलेला प्रत्येक जादा किलोमीटर जाचतो. तेव्हा निदान रूआँनंतर तरी एक जवळची, खुणांनी नीट दाखवलेली वाट असावी, या मागणीवर मी कायम आहे.