विषय: रविवारचं डिओर प्रदर्शन, आणि ती पांढरी खोली

प्रेषक: स्मिता

मंडळी, नमस्कार.

डिओर या पॅरिसच्या फॅशनघराचं प्रदर्शन कसं होतं, असं तिघींनी वेगवेगळं विचारलं, म्हणून एकदाच सगळ्यांना लिहिते. रविवारी आम्ही चौघी आणि अविनाशभाऊजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जाऊन आलो. भाऊजींचं काय झालं ते तेच सांगतील.

सुरुवातीलाच १९४७ चा 'बार' सूट. शांटुंग रेशमाचं फिकट जॅकेट, खाली चुण्यांचा काळा घेरदार स्कर्ट. फोटोत शंभरदा पाहिलेला. पण समोर उभं राहिल्यावर कळतं, की कमरेखाली जॅकेट जे फुललंय ते नुसत्या बेतण्याने नाही, आतून चक्क भरलंय. म्हणजे बाई कितीही काटकुळी असो, बांधा जॅकेटच घेऊन येणार. वृंदाला हे लक्षात आल्यावर तिथेच जे हसू फुटलं, की आम्हाला पुढच्या दालनात पळावं लागलं.

राजकन्या मार्गारेटचा २१व्या वाढदिवसाचा, १९५१ मधला पोशाखही आहे. लांबून जरीकाम वाटतं. जवळ गेलं की दिसतं, त्यात शिंपल्याचे तुकडे आहेत आणि गवताची काडी! राजघराण्याच्या अंगावर वाळकं गवत, आणि ते इतकं सुंदर.

बाकीची दालनं, बागेचं, प्रवासाचं, शेवटचं नाचघर, सगळी डोळे दिपवणारी आहेत. खोटं कशाला बोलू, नाचघरात पोचेपर्यंत मला दिपून घ्यायचा कंटाळा आला होता.

पण जायचं ते पांढऱ्या खोलीसाठी जा. जमिनीपासून छतापर्यंत नुसते 'ट्वाल'. ट्वाल म्हणजे महागड्या कापडाला कात्री लावायच्या आधी साध्या मांजरपाटासारख्या कापडात शिवून पाहिलेला कच्चा नमुना. रंग नाही, टिकल्या नाहीत. टक्स कुठे घेतला, आडवं कापड तिरपं का लावलं, हे सगळं उघडं. आम्ही अर्धा तास तिथेच. मी तर एका बाहीची शिवण काखेत कुठे जाते ते शोधत जवळजवळ जमिनीवर बसले होते.

प्रदर्शन १ सप्टेंबर २०१९ पर्यंत वाढवलंय.

स्मिता

प्रेषक: अविनाश

वहिनी, मीच सांगतो. अंधारात मी एका पुतळ्याला दोनदा 'सॉरी' म्हणालो. दुसऱ्यांदा बायको बघत होती.

इतका अंधार कशासाठी? पाट्या वाचायला वाकावं लागत होतं. आणि वाचल्यावर काय, तर डिझायनरचं नाव, हंगाम, वर्ष, कुणी घातला तिचं नाव. शिवला कुणी? त्याचा पत्ता नाही. शिवाय एकेका स्कर्टला इतकं कापड, तेही १९४७ साली, जेव्हा या देशात कपडे कूपनवर मिळत होते. मला तर हा शुद्ध माज वाटला.

अविनाश

प्रेषक: सुलभाताई

अविनाश, मी बरीच वर्षं जुन्या कापडांच्या जतनाचं काम केलंय, म्हणून अंधाराचं उत्तर माझ्याकडे.

रेशमाला उजेड लागला की ते विटतं, जीर्ण होतं आणि झालेलं नुकसान परत भरून येत नाही. म्हणून कापडासाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मर्यादा पाळतात. पुतळ्यांचंही तसंच. पोशाखाला टाका घालून तो पुतळ्याला बसवायचा नसतो, पुतळाच तासून किंवा कापूस भरून पोशाखाच्या मापाचा करायचा. तुम्ही माफी मागितलीत त्या बाईवर कुणीतरी बरेच दिवस राबलं असणार. तेव्हा 'सॉरी' वाया गेलं नाही.

कूपनचं म्हणाल तर तक्रार जुनीच आहे. कपड्यांचं रेशनिंग इथे मार्च १९४९ पर्यंत होतं, आणि हे लांब स्कर्ट ज्यांच्या डोळ्यांत खुपले ते व्यापारमंत्री म्हणजे स्टॅफर्ड क्रिप्स, आपले 'क्रिप्स मिशन'वाले. बायकांनी ऐकलं नाही. युद्धाची सगळी वर्षं आखूड आणि चौकोनी कपडे घालून काढल्यावर मीही ऐकलं नसतं.

शिवणाऱ्यांच्या नावांचं मात्र तुम्ही बरोबर बोललात. पॅरिसमध्ये त्या कारागिरणींना 'पेतीत मँ' म्हणतात, म्हणजे 'छोटे हात'. लाडाचं नाव आहे, पण नाव कुणाचंच नाही. 'बार' सूटच्या शिवणकामात पिएर कार्दां होता हे आपल्याला माहीत आहे, ते त्याने पुढे स्वतःचा व्यवसाय थाटला म्हणून.

आणखी एक. लेडी कर्झनने १९०३ च्या दिल्ली दरबारात घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाख पॅरिसच्या वर्थ या फॅशनघराकडचा म्हणून प्रसिद्ध आहे. शिवला वर्थने, खरं आहे. पण कापडावरची सगळी जरदोजी दिल्लीच्या कारागिरांची, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याचा हिरवा पंख. लोकांना ते पाचू वाटले होते. पोशाख आता इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या केडलस्टन हॉलमध्ये, म्हणजे कर्झन घराण्याच्या वाड्यात असतो. जरदोजीत मुख्य कौशल्य टाक्याचा ताण सारखा ठेवण्याचं असतं, आणि ते कळतं कापड उलटं केल्यावर. काचेच्या पेटीत उलटी बाजू कुणी दाखवत नाही, हे माझं कायमचं दुखणं.

सुलभाताई

प्रेषक: स्मिता

ताई, ऑगस्टमध्ये परत जायचं घाटतंय, तुम्ही आलात तर प्रत्येक शिवण विचारीन. भाऊजी, येणार? टॉर्च आणायचा नाही.

प्रेषक: अविनाश

येतो. पण मी त्या पांढऱ्या खोलीतच थांबणार. तिथे उजेड आहे.